सोलापूरहून शिवसागराकडे: कास, बामणोली आणि वेण्णा

शुक्रवार

पावसाळ्यात सोलापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उजनी किती झाली?" धरण प्लसमध्ये आलं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर चढलं, की जिल्ह्याचा जीव भांड्यात पडतो. ११७ टीएमसी पाणी मावणाऱ्या या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठाच, त्यामुळे उन्हाळ्यात 'मायनस' हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली आम्ही माणसं. कुठेही फिरायला गेलो आणि पाणी दिसलं की ते कुठून आलं आणि कुणाला मिळतं, हे विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. दसरा झाल्यावर साताऱ्याच्या डोंगरातले तलाव बघायला निघालो, तेही याच डोळ्यांनी.

सोबत शेजारचे काका-काकू होते. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांचं बोलणं अस्सल सोलापुरी, जेवणात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवीच. पण त्यांचा जन्म जावळीच्या खोऱ्यातला आहे. कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं गाव बुडालं. तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे असतील. आधी नातेवाइकांकडे, मग कुठे कुठे मजुरी करत, बऱ्याच वर्षांनी त्यांच्या वडिलांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. कोयनेच्या धरणग्रस्तांना सातारा, सांगलीपासून ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत पांगवलं गेलं, त्यातलंच हे एक घर. गावाचं नाव लिहू नकोस, असं काकांनी सांगितलंय, कारण त्यांच्या भावकीतल्या काहींचा जमिनीचा दावा अजून चालू आहे.

पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या कडेने बाहेर पडलो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी श्रम करून हा तलाव खोदला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गावाला पाणी मिळावं म्हणून घाम गाळणं हीच पूजा, असं मानणारा तो योगी होता. पुढे काठावर भुईकोट किल्ला उभा राहिला, बाग झाली, गड्ड्याची जत्रा वाढली. पण आधी पाणी, मग बाकी सगळं, हा क्रम तिथे आजही लख्ख दिसतो. हिप्परग्याचा एकरुख तलावही तसाच. १८७१ मध्ये आदिला नदीवर सव्वादोन किलोमीटरहून लांब मातीचा बांध घालून इंग्रजांनी तो बांधला, आणि आजही तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक आधार आहे.

मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा रस्ता. पंढरीत कळसाचं दर्शन घेऊन पुढे निघालो. माणदेशात मेंढरं, बाजरीची कापलेली रानं आणि कोरडे ओढे. म्हसवडच्या आसपास काकूंनी धपाट्यांचा डबा उघडला. कोरेगाव मागे पडल्यावर डोंगर जवळ येऊ लागले, शेतात आल्याची हिरवी पट्टी दिसू लागली, आणि काका गप्प झाले. मुक्काम साताऱ्यात.

शनिवार

साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो की शहराचा गलका खाली राहतो. पठारावरचा फुलांचा हंगाम सरत आला होता. तेरड्याचा गुलाबी रंग विटला होता, सोनकी मात्र उतारांवर जागोजागी होती. कातळावरच्या पाणथळ जागेत सीतेची आसवं अजून तग धरून होती. ही इवली जांभळी फुलं दिसायला नाजूक, पण हे झाड कीटकभक्षी. मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं. इथल्या जांभ्या खडकावर माती बोटभरच, त्यात पोषण कमी, म्हणून हा मार्ग. मी गुडघ्यावर बसून बघत होतो. एका चौरस फुटात चार-पाच जातींची झाडं होती, आणि सगळ्यांची मिळून उंची माझ्या करंगळीएवढी.

२०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाची जी ठिकाणं आली, त्यात कास आहे. त्यानंतर गर्दी इतकी वाढली, की ऑनलाइन नोंदणी, दिवसाला ठरावीक माणसं आणि प्रवेशशुल्क सुरू करावं लागलं. आसपासच्या गावांतले लोकच समिती करून ही व्यवस्था पाहतात. मला हे फार बरं वाटलं. शिट्टी वाजवून पर्यटकाला फुलांतून बाहेर काढणारा मुलगा त्याच पठारावर लहानाचा मोठा झालेला असतो. पाऊल कुठे पडू द्यायचं नाही, हे त्याला कुठल्या फलकावर वाचावं लागत नाही.

फुलं बघून बरेच लोक परत फिरतात. आम्हाला मात्र पुढचा तलाव बघायचा होता. कास तलाव इंग्रजांच्या काळातला. चहूबाजूंनी दाट झाडी आणि मधे स्वच्छ, गडद पाणी. सातारा शहराला इथून पाणी जातं, आणि त्यासाठी डोंगराच्या कडेकडेने पाट खोदलेला आहे. पंप नाही, वीज नाही, पाणी केवळ उताराने शहरात पोचतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी हातात पातळी मोजायचं यंत्र घेऊन हा डोंगर पायाखाली घातला असेल, तेव्हा हे जमलं. उजनीहून सोलापूरला शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून पंप लावून पाणी आणावं लागतं. मोटारीची वीज गेली की नळ कोरडे. त्यामुळे तो पाट बघून माझ्या मनात आदर दाटून आला. अलीकडे शहर वाढल्यावर तलावाची उंचीही वाढवली आहे. काठावर पाट्या आहेत, तरी झुडपांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिवड्याची पाकिटं अडकलेली दिसली. सातारकर जे पाणी पितात, त्याच्या काठावर बाहेरून आलेल्या माणसाने असं करावं, याचा मला राग आला आणि तो इथे लिहून ठेवतोय. आम्ही सगळ्यांनी मिळून एक पोतं भरलं आणि गाडीत टाकलं.

कासवरून बामणोलीकडे रस्ता उतरू लागतो आणि एका वळणावर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. धरण तिकडे खाली दक्षिणेला कोयनानगरजवळ, आणि हे पाणी डोंगरांच्या सोंडांमध्ये शिरत शिरत पन्नासेक किलोमीटर मागे, पार तापोळ्यापर्यंत आलेलं. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचं पाणी एकत्र येतं. पर्यटनाच्या जाहिरातीत याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. या खोऱ्याला जावळी हे स्वतःचं नाव आहे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून ही जावळी घेतली, आणि पलीकडे उभा असलेला वासोटा हा व्याघ्रगड. उसन्या नावाची या मुलखाला गरज नाही.

बामणोलीत बोट क्लब आहे. बोटी चालवणारे बहुतेक याच खोऱ्यातले, त्यातले कितीतरी धरणात जमिनी गेलेल्या घरांतले. वासोट्याला जाणारी तरुण मंडळी वनखात्याची परवानगी घेऊन लाँचची वाट बघत होती. किल्ल्याच्या पायथ्याला पोचायला बोटीने दीडेक तास लागतो. आम्हाला तिकडे जायचं नव्हतं. काकांनी बोटवाल्याला गावाचं नाव सांगितलं. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"तुमी त्या गावचं? कुणापैकी?"

काकांनी आडनाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. मग त्याने पर्यटकांचं दरपत्रक बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "बसा पाव्हणं. डिझेलचं काय ते बगू मागनं."

पाणी काठोकाठ होतं. बोटीच्या दोन्ही अंगांना कोयना अभयारण्याचं जंगल थेट पाण्यात उतरलेलं. १९८५ मध्ये हे अभयारण्य झालं, आणि २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. पाणी येऊनही जी गावं डोंगरावर उरली होती, त्यातल्या काहींना जंगलासाठी पुन्हा उठावं लागलं. बोटवाला वाटेत हे सगळं सांगत होता, तक्रार म्हणून नाही, कुठलं घर कुठे गेलं याची यादी म्हणून.

एका सोंडेला वळसा घालून त्याने इंजिन बंद केलं. "हितं. ह्या वढ्याच्या तोंडाला. आता काय दिसायचं न्हाई. मे म्हयन्यात पाणी उतरलं की चौथरं वर येत्यात. देवळाचं जोतं बी दिसतं."

"आणि विहीर?" काकांनी विचारलं.

"ती गाळानं बुजली आसंल."

काका थोडा वेळ उताराकडे बघत राहिले. मग शिक्षकाच्या सवयीने एकेक गोष्ट विचारत गेले. इथे आत्ता पाणी किती फूट? तो माळ म्हणजे आमचं वरकस रान का? नाचणी लावायचे ते? बोटवाल्याला जेवढं माहीत तेवढं त्याने सांगितलं. मग काकूंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला भैरवनाथाचा टाक काढला. गाव सोडताना आजीने तो पदरात बांधून आणला होता, आणि तेव्हापासून तो सोलापुरातल्या देव्हाऱ्यात आहे. आपल्याकडे सणाला देव नदीवर नेऊन धुवून आणतात. काकांनी बोटीच्या कडेला वाकून दोन्ही हातांत टाक धरला आणि त्या पाण्यात देवाला अंघोळ घातली. अंगठ्याने चांदीवरचं काळेपण चोळत राहिले. नाक-डोळे कधीच झिजलेले, हातातली तलवार तेवढी ओळखू येत होती. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं. बोटवाल्यानेही पायातल्या चपला काढल्या.

परतीच्या वाटेवर काका पहिल्यांदा सविस्तर बोलले. आईला सोलापूरकडची काळी माती सोसलीच नाही, म्हणाले. डोंगरातल्या तांबड्या मातीत पाय धुतला की स्वच्छ, आणि इथे पावसात पावलाला शेर-शेर माती चिकटायची. नाचणी, वरी आणि भात खाणारं ते घर, ज्वारीची भाकरी थापायला आई शेजारणीकडून शिकली. संध्याकाळी दाराबाहेर उभी राहून ती म्हणायची, "हितं डोंगरच न्हाई, नजर कुटं टेकवायची?" धरण झालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ मध्ये. मधल्या काळात ज्यांना जे मिळालं ते मिळालं, राहिलं ते राहिलं.

धरणाने राज्याला काय दिलं, हे काका कधीच नाकारत नाहीत. चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून कोयनेची वीजनिर्मिती क्षमता १,९६० मेगावॉट. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पाणी पश्चिमेला पोफळीकडे उतरवायचं आणि त्या उंचीवर जनित्रं फिरवायची, ही मूळ कल्पनाच धाडसाची. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये, आणि पुन्हा २०१२ मध्ये, इथे लेक टॅपिंग केलं. तलाव रिकामा न करता खालून बोगदा आणायचा आणि तळाशी उरलेला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी आत घ्यायचं. आपल्या अभियंत्यांनी हे करून दाखवलं, त्याचा अभिमान वाटतो. पण सोलापूरकराला दुसरी गोष्टही दिसते. कोयना मुळात पूर्वेची नदी. ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कृष्णेच्या पाण्याचं राज्यांमध्ये वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायला मुभा दिली. वीज करून झालं की ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. ज्यांची गावं या पाण्यासाठी गेली, त्यातली काही घरं पाणी नसलेल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यात जाऊन बसली आणि पाणी गेलं पश्चिमेला. काकांच्या शेतात बसून हा नकाशा मी अनेकदा ऐकला होता, पण बोटीत बसून ऐकताना तो अंगावर आला.

बामणोलीजवळच मुनावळ्याला २०२४ मध्ये सरकारने जलपर्यटन केंद्र सुरू केलं. वेगवान बोटी, जेट स्की वगैरे. त्यामुळे मुंबई-पुण्याला हॉटेलात राबणारी पोरं गावात थांबली तर ते चांगलंच आहे, ते व्हायलाच हवं. 'नवीन महाबळेश्वर' नावाचा मोठा आराखडाही याच डोंगररांगांसाठी होतो आहे. माझं म्हणणं एवढंच, की आधी पलीकडच्या काठावरच्या गावांकडे बघावं. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला दवाखाना, बाजार, शाळा गाठायला अजून लाँच लागते. तापोळ्याला गाड्यासुद्धा तराफ्यावरून पलीकडे न्याव्या लागतात. आमच्या बोटीच्या बाजूने एक लाँच गेली, तिच्यात तेलाचे डबे, सिमेंटची दोन पोती, एक शेळी आणि गणवेशातल्या तीन मुली होत्या. आपण ज्या पाण्यावर तासाचे पैसे देऊन फिरतो, ती त्यांची एसटी आहे. नवीन जेटी बांधताना पहिला थांबा त्यांचा असावा.

रात्री बामणोलीतच एका घरी राहिलो. नाचणीची भाकरी, कोयनेचा मासा, आमच्यासाठी कुळथाचं पिठलं. काकांनी नाचणीच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या. शेंगाचटणीचा डबा आम्ही घरधनिणीला दिला, तिने चव घेऊन लगेच कृती विचारली, आणि काकूंनी शेंगदाणे उखळातच का कुटायचे हे तिला अर्धा तास समजावलं.

रविवार

साताऱ्याला परत येऊन मेढा, केळघर घाटातून महाबळेश्वर. घाट सुंदर, पण धुक्यात काहीच दिसलं नाही.

वेण्णा तलाव सगळ्यांनी पाहिलेला असतो. लग्नानंतरच्या फोटोत, शाळेच्या सहलीत. तरी त्याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे आजारी गोऱ्यांसाठी थंड हवेचं ठिकाण वसवलं. साताऱ्याच्या छत्रपतींकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव दिलं. वस्ती वाढली, पण पावसाचं पाणी सगळं वाहून जायचं. मग १८४२ मध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांनी हा तलाव बांधला. थोरले बंधू प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी पदच्युत करून काशीला पाठवल्यावर हे गादीवर आले होते. १८४८ मध्ये ते वारले आणि राज्य खालसा झालं. राज्य गेलं, तलाव राहिला. आजही महाबळेश्वरला आणि पाचगणीला इथून पाणी मिळतं. गाजर, मुळा आणि स्ट्रॉबेरी ज्या मळ्यांत पिकते, तिथल्या भाजीपाल्याच्या शेतीत इंग्रजांनी मलायाहून आणलेल्या चिनी कैद्यांचाही हात होता.

आता काठावर वल्ह्यांच्या आणि पायडलच्या बोटी, घोडे, कणसं, भजी, क्रीमचे पेले, फुगे फोडायच्या बंदुका. आम्हीही बोटीत बसलो. काकू पहिल्यांदा घोड्यावर बसल्या आणि दुसरी फेरीही मारून आल्या. माणसांनी असं मोकळं व्हायलाच डोंगरावर यावं. पण रविवारी दुपारी तलावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नव्हती आणि धुराने डोळे चुरचुरत होते. महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर उन्हाळ्यात आसपासच्या वाड्या-वस्त्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. सोलापूरला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने पाऊस होतो. म्हणजे पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यापेक्षा इथल्या माणसाला जास्त सोसावं लागतं. तलावाच्या पात्रात उतरणारं सांडपाणी रोखणं आणि वाहनं गावाबाहेर थांबवून लोकांना चालत किंवा छोट्या बसने आणणं, एवढं झालं तरी वेण्णा कितीतरी निवांत होईल. कासला माणसांची संख्या ठरवता येते, तर इथेही येईल.

सोमवार

सकाळी सहाला पुन्हा तलावावर गेलो. बोटी बांधलेल्या, घोडेवाले चहा पीत बसलेले. बांधावरून सांडव्यापर्यंत चालत गेलो. इथून निघालेली वेण्णा लिंगमळ्याच्या धबधब्यावरून उडी घेते, मेढ्यावरून कण्हेर धरणात जाते आणि माहुलीला कृष्णेत मिसळते. आमची भीमाही शेवटी कृष्णेलाच मिळते, पार कर्नाटकच्या टोकाला. काकांनी तिथे उभ्या असलेल्या सहलीच्या पोरांना हे हाताने हवेत नकाशा काढून सांगितलं. पोरांनी ऐकलं, एकीने वहीत लिहूनही घेतलं.

परतीचा रस्ता तोच. मध्ये दहिवडीला जेवलो. तिथून काकांनी बामणोलीच्या बोटवाल्याला फोन लावला. पाणी सगळ्यात खाली कधी असतं, चौथरे पायी बघता येतील का, सोबत आठ-दहा माणसं आली तर राहायची सोय होईल का, सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, मेच्या शेवटच्या आठवड्यात या, वळीव झाला तर चिखल होतो, त्याच्या आधी. काकांनी तिथूनच सांगलीच्या चुलतभावाला, ठाण्याच्या आतेबहिणीला फोन केले. म्हसवड येईपर्यंत सात जण ठरले होते, आणि टाक कुणी आणायचा यावर दोघांचं बोलणं अजून चाललं होतं.